महारोग्यांचें व्यंग आणि कायदा

पोवाड्यांच्या अभ्यासकांस हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ हें नांव नवें नाहीं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्यानें त्यांनीं सिद्ध केलेला 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह १८९१ सालीं छापून निघाला, व त्यांतील कांहीं पोवाड्यांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी पद्यरूपांतर १८९४ सालीं विलायतेंत प्रसिद्ध झालें. गोंधळ्यांच्या मुखीं असलेली ही सामग्री वेळींच कागदावर उतरली नसती, तर मराठ्यांच्या इतिहासाचें एक साधन पुष्कळ अंशीं नष्ट झालें असतें. याबद्दल संशोधकांनीं त्यांचे ऋण वारंवार मान्य केलें आहे. परंतु ज्या सुमारास हे पोवाडे छापले जात होते, त्याच सुमारास हेच गृहस्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर या नात्यानें शहराच्या रस्त्यांवर भीक मागणारे महारोगी उचलून माटुंग्याच्या एका आवारांत ठेवण्याच्या खटपटींत होते, हें मात्र पोवाडे वाचणारांस बहुधा ठाऊक नसतें. १८९० सालीं निघालेलें तें आश्रयस्थान पुढें त्यांच्याच नांवानें चालूं लागलें.

असाच दुसरा योग डॉ. भाऊ दाजी लाड यांचा. अजिंठ्याचे व गिरनारचे लेख वाचणारे प्राच्यविद्यापंडित म्हणून ते आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. पण १८७४ सालीं मृत्यु येण्यापूर्वीच्या कांहीं वर्षांत मुंबईकरांमध्यें त्यांची ख्याति होती ती शिलालेखांपेक्षां महारोगावरील औषधामुळें अधिक. औषध कोणतें हें त्यांनीं हयातींत उघड केलें नाहीं, व त्याबद्दल त्यांच्यावर टीकाहि झाली. तें कडूकवठीच्या बियांचें तेल होतें. पूर्वेकडील चौलमुगऱ्याच्या जातीचें हें तेल पुढें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर याच रोगावर वापरलें गेलें. त्यानें रोग समूळ जात नसे, ही गोष्ट निराळी.

प्रस्तुत लेखांत या रोगाचा समग्र इतिहास देण्याचा आमचा हेतु नाहीं. रोग्याचें व्यंग आणि रोग्याविषयींचा कायदा यांचा संबंध काय होता, कायद्यानें रोगाची खूण कोणती धरली, आणि ती खूण धरल्यामुळें कोणाच्या वाट्यास काय आलें, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे.

त्यासाठीं रोगाची गति आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. जंतु मांस खातात आणि बोटें कुजून गळून पडतात, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. नॉर्वेंतील बर्गेन येथें हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढलेला हा जंतु कातडींत व कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत घर करतो. कोपराच्या मागल्या खोबणींतून जाणारा तंतु बिघडला कीं करंगळी व तिच्या शेजारचें बोट आंत वळून हाताचा आंकडा होतो. गुडघ्याच्या खालीं बाहेरच्या अंगानें वळसा घेणारा तंतु गेला कीं पाऊल लोंबूं लागतें, आणि चालतांना बोटें जमिनीस घासतात. चेहऱ्याचा तंतु गेला कीं पापणी मिटत नाहीं, उघडें राहिलेलें बुबुळ सुकतें, आणि धूळ व केर सोसून अखेरीस दृष्टि जाते. पण या सर्वांहून अधिक घात करणारा बिघाड डोळ्यांस दिसतच नाहीं. टाचेच्या आंतल्या अंगानें तळव्याकडे जाणारा तंतु मेला म्हणजे तळवा बधिर होतो. धडधाकट माणसाच्या पायाखालीं खडा आला तर तो आपसूक लंगडतो, व त्या लंगडण्यानेंच त्याचा पाय वांचतो. बधिर तळव्याचा माणूस लंगडत नाहीं. वहाणेचा खिळा वर आलेला असतो, आणि तो त्यावर दिवसभर चालतो. फोड येतो, फुटतो, आंत जातो, हाडाशीं पोंचतो, आणि तरीहि माणूस चालतच राहतो, कारण त्याला कांहीं दुखत नाहीं. स्वयंपाकघरांतल्या बाईची बोटें तव्यानें भाजतात आणि जळल्याचा वास आल्यावर तिला कळतें. विडी ओढणाराचीं बोटें विडीच भाजते. वारंवारच्या अशा जखमांनीं व आंतलें हाड झिजत गेल्यानें बोटें आंखूड होत जातात. तीं आपोआप झडत नाहींत.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. ज्याच्या शरीरांत जंतु विपुल, व म्हणून ज्याच्यापासून संसर्गाचा संभव अधिक, त्याचे हातपाय कित्येक वर्षें धड असूं शकतात. त्याच्या कानांच्या पाळ्या जाड होतात, भुंवया विरळ होतात, आणि जंतु बाहेर पडतात ते मुख्यत्वें नाकावाटे. उलट ज्याच्या शरीरांत जंतु थोडे, त्याच्या मज्जातंतूंची हानि पुष्कळदां लवकर व जोरानें होते. शिवाय जंतु मेले तरी मेलेला तंतु परत येत नाहीं, बधिरता तशीच राहते आणि जखमा होतच राहतात. तात्पर्य, तळव्याचा व्रण पाहून माणूस संसर्गजन्य आहे असें ठरवितां येत नाहीं. पुष्कळ वेळां तो विझून गेलेल्या रोगाची मागें राहिलेली राख असतो.

प्राचीन वैद्यांस यांतलें पुष्कळ दिसलें होतें. सुश्रुताच्या निदानस्थानांत अठरा कुष्ठें सांगितलीं आहेत, त्यांतील सात मोठीं व अकरा क्षुद्र. या अठरांत आजच्या हिशेबानें नायटा, खरूज यांसारखे कातडीचे साधे विकारहि आले आहेत, हें खरें. परंतु त्याच अध्यायांत रोग एका धातूंतून दुसऱ्या धातूंत कसा उतरतो तें सांगतांना आरंभीं स्पर्शाची हानि, पुढें हात लुळा पडणें, चालण्याची शक्ति क्षीण होणें, जखमा पसरणें, आणि शेवटीं नाकाचा भंग व स्वराचा बिघाड, असा जो क्रम दिला आहे, तो कोणत्या रोगाचा याविषयीं संशय राहत नाहीं. बधिरता आधीं व व्रण मागाहून हा क्रम सुश्रुतास माहीत होता. संसर्गानें जडणाऱ्या रोगांतहि त्यानें कुष्ठाची गणना केली आहे. आमच्या भाषेंतील नांवांची कथा मात्र उलट आहे. 'रक्तपित्त' म्हणजे संस्कृत वैद्यकांत रक्तस्रावाचा एक वेगळाच विकार. मराठींत त्याचें 'रक्तपिती' होऊन तें महारोगाचें नांव बनलें. 'गलितकुष्ठ' या शब्दांतहि गळणें हेंच प्रमुख आहे. लोकांनीं नांव ठेवलें तें जखमेवरून, बधिरतेवरून नव्हे. आणि कायदेपंडित याच वाटेनें गेले, असें आमचें मत आहे.

धर्मशास्त्रांत या रोगाचा प्रश्न येतो तो दायभागांत. याज्ञवल्क्यानें पांगळा, आंधळा, वेडा आणि ज्याचा रोग बरा होण्यासारखा नाहीं असा मनुष्य यांस वडिलार्जित मालमत्तेंत वांटा नाकारला आहे, पण त्यांचें पोषण कुटुंबानें केलेंच पाहिजे अशी आज्ञाहि तेथेंच दिली आहे. त्यांचे निर्दोष पुत्र वांट्यास पात्र धरले आहेत. देवलाच्या वचनांत कुष्ठी हा शब्द उघडच आला आहे. महाराष्ट्रांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या मिताक्षरेंत याहून एक उदार गोष्ट आहे ती अशी कीं, वांटणीनंतर औषधोपचारानें दोष नाहींसा झाल्यास त्या मनुष्यास आपला वांटा मिळतो. म्हणजे अपात्रता ही जन्माची किंवा पापाची न मानतां शरीराच्या तत्कालीन स्थितीची मानली होती. पण प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत हाच रोग पूर्वजन्मींच्या पातकाचें फळ म्हणून येतो, आणि गांवांत वजन पडलें तें त्या दुसऱ्या मताचें.

इंग्रजी अमलांत हे वाद न्यायालयांत येऊं लागले तेव्हां न्यायाधीशांपुढें असा प्रश्न उभा राहिला कीं, कुष्ठाचे प्रकार अनेक, मग वारसा बुडविणारा प्रकार कोणता? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या हायकोर्टानें याचें उत्तर असें दिलें कीं, ज्यांतून पू-रक्त वाहतें असा उग्र व चिघळलेला प्रकारच तेवढा वारसा बुडवितो. साधा बधिर प्रकार बुडवीत नाहीं. या निर्णयानें कित्येकांच्या जमिनी वांचल्या असतील, व न्यायाधीशांचा हेतु दयेचाच होता, यांत शंका नाहीं. परंतु या दयेची घडण विलक्षण होती. तळवा बधिर आहे तोंवर मनुष्य वारस. त्याच बधिर तळव्यावर त्यानें शेताची चार नांगरटी केल्या आणि जखम चिघळली कीं तो वारस नव्हे. ज्या शेतासाठीं दावा त्याच शेतांत राबल्यानें हक्क जावा, असें यांतून निष्पन्न होत होतें. भाऊबंदकीच्या दाव्यांत प्रतिवादीचा पाय उघडा करून दाखविणें हा पुराव्याचा भाग झाला. १९२८ सालच्या कायद्यानें मिताक्षरेखालील हिंदूंच्या बाबतींत केवळ रोग, व्यंग किंवा शारीरिक दोष यांमुळें वारसा जाणार नाहीं असें ठरविलें, तेव्हां हा प्रकार थांबला. जन्मतः वेडा किंवा जड असणारांचा मात्र त्यांत अपवाद होता.

वैद्यकांत या मधल्या काळांत काय चाललें होतें? मुंबईंत त्या वेळीं हेन्री व्हॅनडाइक कार्टर नांवाचे डॉक्टर होते. ग्रे यांच्या ज्या सुप्रसिद्ध शारीरग्रंथावर (१८५८) वैद्यकाच्या अनेक पिढ्या वाढल्या, त्यांतील आकृति याच कार्टरांच्या हातच्या. ग्रंथ निघाला त्याच वर्षीं ते मुंबईस आले, ग्रँट वैद्यक महाविद्यालयांत त्यांनीं शारीर शिकविलें, व पुढें कित्येक वर्षें साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काढलीं. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांस होणारा 'मदुरा पाय' हा रोग बुरशीपासून होतो असें प्रतिपादणारा त्यांचा ग्रंथ १८७४ चा आहे. तोहि पाय निकामी करणाराच रोग, परंतु तो विषय स्वतंत्र. महारोगाच्या बाबतींत कार्टर यांनीं मज्जातंतु जाड होऊन निकामी झालेले असतात, ही गोष्ट शवविच्छेदनानें व सुरेख आकृतींनीं मांडली. १८७३ सालीं ते नॉर्वेस गेले, तेथील रुग्णालयें त्यांनीं पाहिलीं, व परत आल्यावर रोग्यांस वेगळें ठेवण्याचा पुरस्कार केला. म्हणजे एकाच मनुष्यानें दोन गोष्टी सांगितल्या होत्या: व्यंगाचें मूळ मज्जातंतूंत आहे, आणि रोगी वेगळे ठेवावेत. राज्यकर्त्यांनीं दुसरी उचलली. पहिली वैद्यकाच्या ग्रंथांत राहिली. दुसरी गोष्ट पोलिसांकरवीं अमलांत आणतां येत होती. पहिलीसाठीं रोज कोणीतरी त्या पायांकडे पाहिलें पाहिजे होतें.

१८८९ सालच्या एप्रिलांत मोलोकाई बेटावर फादर डेमियन या रोगानें वारले, आणि त्या बातमीनें विलायतेंत जी खळबळ उडाली तिच्यांतून एक निधि उभारला जाऊन १८९०-९१ सालीं एक कमिशन हिंदुस्थानांत आलें. त्याच सुमारास अ‍ॅक्वर्थ यांनीं सरकारची वाट न पाहतां, १८८८ च्या नव्या म्युनिसिपल कायद्यांतील धोक्याच्या रोगांसंबंधींच्या कलमाचा आधार घेतला, आणि लोकवर्गणीच्या साहाय्यानें माटुंग्याचें आश्रयस्थान उघडलें. येथें आम्हांस अ‍ॅक्वर्थ यांच्याविषयीं न्यायानें बोलावयाचें आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसास छप्पर, अन्न व मलमपट्टी मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. आवारांत हिंदूंसाठीं देऊळ, मुसलमानांसाठीं मशीद व रोमन कॅथलिकांसाठीं प्रार्थनामंदिर बांधविण्याची बुद्धि त्यांस झाली, यावरून लोकांचें मन ओळखण्याची जी हातोटी पोवाडे जमवितांना दिसते तीच येथेंहि दिसते. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्यासारखा साक्षेपी डॉक्टर त्या जागीं मिळाला, व त्यांनीं तेथील कामाचा वृत्तांत लिहून ठेवला. तथापि ज्यांस तेथें आणलें त्यांस निवड नव्हती, ही गोष्टहि तितकीच खरी. आणण्याची कसोटी रोगाची तीव्रता ही नव्हती. निराधार असणें आणि जखम दिसणें, ही होती.

कमिशननें १८९३ च्या आपल्या अहवालांत असें मत दिलें कीं, रोग आनुवंशिक नाहीं, संसर्गानें पसरण्याचा संभव फार अल्प आहे, व सक्तीनें सर्वांस कोंडण्याचें कारण नाहीं. १८९७ सालीं बर्लिन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें नॉर्वेचा दाखला देऊन विलगीकरणाच्या बाजूनें कौल दिला. दुसऱ्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारचा १८९८ चा तिसरा कायदा झाला. आमच्या मुद्द्याच्या दृष्टीनें या कायद्याची व्याख्या हीच सर्वांत बोलकी आहे. कोणत्याहि प्रकारचा कुष्ठरोग झालेला, परंतु ज्याच्या ठायीं व्रण पडण्यास आरंभ झाला आहे असा मनुष्य, तो या कायद्यापुरता महारोगी. त्यांतहि जो उघडपणें भीक मागतो, किंवा ज्यास निर्वाहाचें साधन दिसत नाहीं, तो 'निर्धन' महारोगी. त्यास पोलिसानें वॉरंटावांचून पकडावें, मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें, डॉक्टरानें तपासावें, व आश्रयस्थानांत पाठवावें. पळाल्यास पुन्हां धरून आणावें. याखेरीज सरकार जेथें तशी सूचना काढील तेथें व्रण पडलेल्या कोणत्याहि रोग्यानें विक्रीचें अन्न शिजवूं नये, सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर पाणी भरूं नये, आंघोळ करूं नये, भाड्याच्या गाडींत बसूं नये. आगगाडीचा डबा तेवढा यांतून वगळला होता, ही गंमत वाचकांनीं लक्षांत घ्यावी. रोग डब्यांत पसरत नसे असें नव्हे.

आतां वर सांगितलेली रोगाची गति आणि ही व्याख्या एकमेकींशेजारीं ठेवून पाहा. पेढीवर बसणारा, कानाच्या पाळ्या जाड झालेला, हातपाय धड असलेला गृहस्थ या कायद्याच्या कक्षेंत येत नव्हता, मग त्याच्या नाकावाटे जंतु कितीहि पडत असोत. ज्याचा रोग दहा वर्षांपूर्वींच थंडावला, पण जो पोटासाठीं बधिर पायांनीं वणवण करीत होता, तो मात्र येत होता. संसर्ग थांबविण्यासाठीं म्हणून केलेल्या कायद्यानें जीं माणसें निवडून कोंडलीं, त्यांतील पुष्कळ संसर्गाच्या दृष्टीनें निरुपद्रवी होतीं. कमिशनला संसर्गाचें भय अल्प वाटलें, कायद्याला व्रणाचें भय वाटलें, आणि रस्त्यांत दिसूं नये ही शहरवासीयांची इच्छा तेवढी पूर्ण झाली. हा केवळ त्या काळच्या अज्ञानाचा परिणाम, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पूर्णपणें मान्य नाहीं. मज्जातंतूंची गोष्ट कार्टर यांनीं कायद्याच्या पंचवीस वर्षें आधीं मुंबई इलाख्यांतच सिद्ध केली होती.

१९२० सालच्या दुरुस्तीनें व्याख्येंतील व्रणाचे शब्द गाळण्यांत आले. वैद्यकदृष्ट्या ही सुधारणा होती, परंतु 'निर्धन' हा शब्द तसाच राहिल्यानें जाळें विस्तारलें तें गरिबांवरच.

पुढील हकीकत येथें थोडक्यांत देतों, कारण ती बहुतेकांस ठाऊक आहे. १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपुरास मनोहर दिवाण यांनीं महारोग्यांच्या सेवेचें काम उभारलें. येरवड्याच्या तुरुंगांतले सहबंदी परचुरेशास्त्री १९३९ सालीं सेवाग्रामांत आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आश्रमांत ठेवून घेतलें व त्यांच्या अंगास स्वतः तेल चोळलें. वरोऱ्याचें आनंदवन १९५१ चें. १९४१ सालीं अमेरिकेंत सल्फोन औषधांचा गुण दिसून आला, व १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची शिफारस केल्यापासून जंतु मारणें हें महिन्यांचें काम झालें. २००५ च्या अखेरीस देशांतील उपचाराधीन रोग्यांचें प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं आलें.

व्यंगाच्या इतिहासांत मात्र खरें वळण आलें तें मद्रासकडे. हिंदुस्थानांतच जन्मलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड १९४७ सालीं चिंगलपटच्या रुग्णालयांत गेले असतां, वाकलेल्या बोटांच्या एका रोग्यानें त्यांचा हात इतक्या जोरानें दाबला कीं ते चमकले. लुळ्या दिसणाऱ्या हातांत पुढल्या बाहूचे स्नायु शाबूत होते, हें त्यांच्या ध्यानांत आलें, व त्यांतील धड स्नायूंच्या कंडरा निकामी स्नायूंच्या जागीं वळवून वेलोरास त्यांनीं हात सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. बोटें रात्रींतून नाहींशीं होतात म्हणून रोगी सांगत. पाळत ठेवली तेव्हां झोपलेल्या माणसाचीं बधिर बोटें उंदीर कुरतडतात असें दिसलें, आणि रोग्यांस मांजरें देण्यांत आलीं. महाराष्ट्रांत हेंच शस्त्रकर्म डॉ. नोशीर अंतिया यांनीं पुण्याजवळ कोंढव्यास व मुंबईस चालविलें. शस्त्रक्रियेइतकीच, किंबहुना तिच्याहूनहि अधिक, उपयोगाची ठरली ती मऊ रबराच्या तळाची वहाण, आणि रोज संध्याकाळीं आपला तळवा स्वतः पाहण्याची संवय.

कायद्याच्या पुस्तकांतून जुनी खूण पुसली जाण्यास याहून अधिक काळ लागला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत घटस्फोटाचें कारण म्हणून 'उग्र व असाध्य' कुष्ठ घातलें गेलें; हा 'उग्र' शब्द म्हणजे हायकोर्टाच्या त्या जुन्या चिघळलेल्या प्रकाराचाच वंशज होय. १९८१ नंतर 'असाध्य' या शब्दास अर्थ उरला नव्हता, तरी तें कारण २०१९ सालापर्यंत राहिलें. विधि आयोगानें २०१५ सालीं आपल्या २५६ व्या अहवालांत अशा सर्व कायद्यांची झडती घेतली, आणि १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला.

मधल्या १९९५ सालच्या अपंगांविषयींच्या कायद्यांत 'कुष्ठमुक्त' मनुष्याची व्याख्या आली आहे. तिच्यांत पहिला प्रकार सांगितला आहे तो हातापायांची संवेदना गेलेल्या, परंतु बाहेरून कोणतेंच व्यंग न दिसणाऱ्या माणसाचा. दिसणारें व्यंग त्यानंतर येतें. दुखत नाहीं हीच ज्याची हानि, तो मनुष्य आमच्या कायद्यांत नांवानिशीं प्रथम येथें दिसतो, असें आम्हांस वाटतें. त्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवल्या त्या दृष्टिहीन, कर्णबधिर व हालचालीचें व्यंग असलेल्या माणसांसाठीं; कुष्ठमुक्तांचें नांव त्या कलमांत नव्हतें. तें २०१६ च्या कायद्यांत घालण्यांत आलें.